चरबीच्या नावावर

नको, नको, खरंच नको—तुम्ही खा हो. मी बघत होते ते हावरटपणानं नाही, सवयीनं. बेकरीत केक सजवते ना मी. पावाला लोणी कडेपर्यंत लावलंय की मधेच फासून सोडलंय, हे नजर आपोआप टिपते. तुमच्या पावाला कडेपर्यंत लावलंय. नशीबवान आहात.

आजारी? नाही, मी नाही—माझा धाकटा भाऊ. आत डॉक्टरीणबाईंपाशी बसलाय, बायकोबरोबर. त्याचं लिव्हर गेलं. दारूबिरू नाही हं, लोकांना आधी तेच वाटतं—साध्या काविळीचं निमित्त झालं आणि मग सावरलंच नाही. आता दुसऱ्या कुणाच्या लिव्हरचा तुकडा लावायचा. दुसऱ्या कुणाच्या म्हणजे माझ्या. भावजयीचा रक्तगट जुळेना, मुलं लहान—मग उरलं कोण? तर माझ्या लिव्हरवर चरबी. आता दिसतेच आहे ना—बाहेर एवढी, तर आत काय कोरडं असणार? आधी वजन उतरवा म्हणाले, ती चरबी गेली तरच तुकडा घेता येईल.

मी लागले उपाशी राहायला. तेल बंद, लोणी बंद, अंड्याचा बलकसुद्धा बंद—नुसती काकडी नाहीतर उकडलेला भोपळा. भोपळ्यानं भोपळा खायचा. भाऊ लहानपणापासून मला भोपळाच म्हणायचा, ताई म्हणायचा ते पाहुणे आले की. वजन उतरलं हो, पण एक दिवस केकवर फुलं काढता काढता डोळ्यांपुढे अंधारी आली—क्रीम खाली आणि त्यावर मी. आहाराच्या बाई चिडल्याच. म्हणाल्या, अहो, तुम्ही चरबी कुठे जाळताय, तुम्ही अंगातलं मांस जाळताय. प्रत्येक जेवणात प्रथिनं हवीत—डाळ घ्या, अंडी घ्या, मासे, दही—आणि थोडं तेल हवंच, शरीराला तेही लागतं. थोडं. सोडणं सोपं असतं बघा, थोडं खाणं अवघड. दिवसभर लोणी-साखर फेटायची आणि बोट न चाटता हात धुवायचे—एकदा करून बघा.

भावजय रोज बेकरीत डबा घेऊन यायची. उकडलेली अंडी. मी खाऊन होईपर्यंत समोर उभी. "ताई, अजून एक घ्या ना"—बोलणं गोड, पण नजर माझ्या घासावर. माया म्हणावी की पहारा? दोन्ही असेल. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण खाटिक बोकडाला चारा घालतो तसं—नाही, असं बोलू नये. जीभ घसरली. चांगली आहे ती.

मग एके दिवशी भाऊ स्वतः घरी आला. जिना चढून दमलेला, डोळे पिवळे, पायांना सूज. मला म्हणाला, बस तू. आणि स्वयंपाकघरात जाऊन पाव भाजला, त्यावर हे एवढं जाड लोणी लावलं आणि ताटली माझ्यापुढे सरकवली. म्हटलं, "अरे, चालत नाही मला." तर म्हणाला, "माहितेय. खा तरी. भीती वाटतेय ना तुला? वजन उतरलं नाही म्हणून सांगू सगळ्यांना. मी नाही रागावणार." खाल्ला हो तो पाव. रडत रडत, अख्खा. तो समोर बसून राहिला. पुढे त्याबद्दल ना तो बोलला, ना मी. दुसऱ्या दिवशी मात्र माझी मीच अंडी उकडली.

आज तपासणीचा निकाल आला. डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला आत घेतलं. म्हणाल्या, चरबी गेलीय, आता देता येईल. मला वाटलं होतं, हायसं वाटेल—मी तर दाराकडेच बघायला लागले. त्यांना दिसलं असणार. म्हणाल्या, "मनात नसेल तर आत्ताही नाही म्हणा. घरच्यांना आम्ही एवढंच सांगू की तुमचं चालण्यासारखं नाही. कारण कुणाला सांगणार नाही." आता कारण नाही सांगितलं तरी लोक काय समजणार? चरबी. माझं सगळं तिच्याच नावावर आहे. नवऱ्यानं सोडलं—चरबीमुळं. म्हणजे सोडलं मीच, पण लोकांना तसं वाटलं ते मी वाटू दिलं, तेवढेच प्रश्न कमी. मूल झालं नाही—चरबी. आणि उद्या भाऊ गेला तर तोही तिच्याच नावावर? आणि खरं काय ते मला एकटीला ठाऊक. ते ओझं नाही वाहवणार मला. मी चटकन म्हणाले, देते. मायेनं दिलं म्हणतील, म्हणू देत. माया आहेच—पण त्या घटकेला तोंडातून आलं ते रागानं आलं. आणि भीती? आहे की, जशीच्या तशी आहे.

हे मी तुम्हाला का सांगत बसले कोण जाणे. घरात कुणाला—थांबा. दार उघडलं. तो पांढऱ्या शर्टातला, भिंतीला धरून येतोय ना, तोच. कळलंय त्याला. वर बघत नाहीये. हे बघा, यातलं एक अक्षर त्याच्यापुढे—

काय रे? ये, बस इथं. सावकाश. ह्या? कोणी नाही रे, बाकावर जागा होती म्हणून बसल्या होत्या. निघाल्याच त्या.