आबांच्या उशाची तार

…आन वर तो दुकानदार मलाच इचारतोय, "कसली तार पायजे?" आता तुमाला सांगतो मंडळी, तार ती तार! तिचं कूळ बघून सून म्हनून घरात आनायची हाय का? साधी तार हो, साधी तार!

रेडिओ सोप्यात, आबा मागच्या खोलीत, मदी दोन भिंती. आबा म्हंजे आमचं वडील. गेल्या साली बैलानं पाडलं, खुबा मोडला, मिरजंच्या दवाखान्यातनं आलं ते बाजंलाच चिकटलं. रोज सांजच्या बातम्यांस्नी आमी त्यांची बाज उचलून सोप्यात आनायचो. म्होरं मी, मागं शेजारचं दोघं, उंबऱ्याला बाज थटली की आबांच्या शिव्या… दारातच निम्म्या बातम्या निघून जायच्या! म्हनलं, हे काय खरं न्हाई. रेडिओच्या पाठीला तार जोडायची, तिच्या टोकाला दुसरा स्पीकर, तो आबांच्या उशाला. आबा पडल्या जागी ऐकतील, आपली कंबर बी वाचंल. सुटलो!

कुठलं सुटतोय? सांगलीला आप्पासोच्या दुकानात गेलो, तर आप्पासो चष्मा कपाळावर सारून म्हनतोय, "लांबी किती? स्पीकर केवढा? सुती येढ्याची देऊ का प्लॅस्टिकची? जाड देऊ का बारीक?" आवं, मी बायको बघायला गेलो तवा बी एवढं इचारलं न्हवतं! शेवटी बारीक पिवळी घेतली, घरी आनून जोडली. आतनं आवाज खनखनीत. आबा म्हनलं, "हं." आबांचं 'हं' म्हंजे दुसऱ्याच्या हाताचा हार-नारळ बरं का. उभ्या जल्मात त्यांनी कुनाला 'ये, बस' म्हनलं न्हाई, 'हं' तरी म्हनलं!

दुसऱ्या दिवशी बातम्या सुरू झाल्या आन आतला आवाज गप! गेलो आत. बघतोय तर उशाकडचं तारंचं टोक निसटलेलं. आबा आढ्याकडं बघत्यात. "काय झालं रं?" म्हनलं, "निसटली." "मग जोड की. आन हितं बसून जोड, उभ्यानं काम धड हुत न्हाई." बसलो. जोडता जोडता आबांनी सुरवात केली… कृष्णामाईचं पानी कुठवर आलं हुतं, कुठला बैल कसा खोडीचा हुता, माज्या आज्यानं पाटलाला कसं वाटंला लावलं. निसतं एक टोक जोडायचं, पन बाहेर येतोय तर बातम्या संपून भजन लागलेलं! तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. साधी तार हो! मी उंदरावर संशय घेतला, मांजरावर घेतला, शेवटी आप्पासोच्या इमानावर घेतला.

आता आमच्याकडं आवाजाचं काय बी अडलं की मिरज. गेलो एका सतारवाल्याकडं. पिवळ्या तारंचा तुकडा म्हातारबुवांनी नखानं छेडला, डोळं मिटलं. मी बी मिटलं. म्हनलं, तशी रीत असंल. मग बुवा म्हनलं, "तार ढिली हाय. ढिली तार गात न्हाई." म्हनलं, बुवा, तिला गायचं न्हाई, बातम्या द्यायच्या हायत! तरीबी घरी येऊन ताठ ओढून बांधली. आमच्या मंडळींनी लगेच तिच्यावर लुगडं वाळत घातलं. आन सांजच्याला… गप! उशाकडचं टोक निसटलेलं, आबा आढ्याकडं बघत्यात.

मग आला मेव्हना, सयाजी. फौजेत तारांच्याच खात्यात, रजंवर आलेला. म्हनला, "दाजी, हे काय तार म्हनायचं लक्षन? ही घ्या. हिच्यावरनं रनगाडा गेला तरी तुटत न्हाई!" काळी, जाड, पोलादाची. त्यानं दोनी टोकास्नी कथील वितळवून डाग दिला, वर खिळं ठोकलं. म्हनला, "आता तुमी निवांत!"

आन खरंच की हो! त्या दिवसापास्नं आवाज एकदा बी बंद न्हाई. मी सोप्यात, पाय पसरून, च्या पीत, दिल्लीपास्नं पार परदेशापातुर सगळ्या बातम्या ऐकल्या. आत जायचं कारनच उरलं न्हाई. आठवडा गेला. मग आमची मंडळी म्हनली, "आवं, आबांच्या बोटांस्नी काय झालंय बघा की. जेवताना कालवन झोंबतंय त्यास्नी."

गेलो आत. नखं तुटलेली हो, बोटाची टोकं सोललेली. आन त्या स्पीकरच्या पाठीला, कथलाच्या डागाभवती, ओरखडंच ओरखडं. कुठला उंदीर आन कुठलं मांजर! ज्या मानसानं कवा कुनाला हाक मारली न्हाई, त्यानं मला बोलवायला तेवढी एक तार ठेवली हुती, आन ती मी रनगाड्याची आनून बसवली.

आबा आढ्याकडंच बघत म्हनलं, "तार लय झ्याक हाय रं. बंदच पडंना."

दुसऱ्या दिवशी आप्पासोच्या दुकानात. "आता कसली पायजे?" म्हनलं, "सगळ्यात वंगाळ द्या. म्हाताऱ्या मानसाचा हात लागला की निघाली पायजे." आप्पासो म्हनला, "गड्या, तुजं डोस्कं ठिकानावर हाय न्हवं?" म्हनलं, "आत्ता कुठं आलंय."

आता रोज बातम्या लागल्या की आतला आवाज गप. मी तारंला दोन शिव्या हासडतो, जरा मोठ्यानंच, आत ऐकू गेल्या पायजेत न्हवं? मग उठतो, आन आबांच्या बाजंवर जाऊन बसतो. दिल्लीत काय चाललंय मला इचारू नगा. मला आता निसता खोडीचा बैल ठावं हाय!