चव्वेचाळीस हात

…नाही बाई, नाही जमायचं — तुम्ही एवढ्या उन्हात स्कूटर दामटत आलात, पाणी प्या, त्या खुर्चीत नको, तिचा एक पाय लुळा आहे, इकडे बाकावर बसा — पण ते तेवढं माझ्याकडून होणार नाही. तब्येत? तब्येतीला काय झालंय. मुख्याध्यापक यूंनी सांगितलं असेल, म्हाताऱ्याचे गुडघे गेले म्हणून. गुडघे शाबूत आहेत माझे. मीच त्यांना तसं सांगितलं होतं — काहीतरी सांगायला लागतं ना माणसाला. तुम्ही या शाळेत नवीन, या पुली गावातही नवीन, तुम्हाला वाटलं असेल लो आजोबांना जाऊन विनवू, मुलं मागे लागलीत, ओंडके उलटायचा तास पुन्हा सुरू करू. चांगलं वाटलं असेल. मलाही वाटायचं.

एकोणीस वर्षं मी तिथं माळी होतो. माळी म्हणजे काय, घंटाही मीच द्यायचो, नळही मीच दुरुस्त करायचो. भूकंपात जुनी शाळा पडली, नवी बांधली, आणि मागच्या कोपऱ्यात नुसता मलबा उरला — तो मी एकट्यानं उपसला बाई, दोन वर्षं लागली. कापराची झाडं लावली, बेडकांसाठी डबकं केलं, फुलपाखरांसाठी वेली सोडल्या, आणि पडलेले ओंडके मुद्दाम कुजत ठेवले. लोक हसायचे. पण ओंडका कुजला की त्याच्याखाली गाव वसतं — गोमा, वाणी-किडे, भुंग्यांच्या पांढऱ्या अळ्या, गांडुळं. तिसरीची मुलं आली की मी सांगायचो, बसा उकिडवे, श्वास रोखा, आता दार उघडायचं. आणि ओंडका उलटला की त्यांची तोंडं बघायची — मला स्वतःचं मूल नाही बाई, मला तेवढंच होतं.

नियम होते हो, का नसतील. आधी काठीनं ठोकायचं. मग ओंडका आपल्याकडे ओढायचा, म्हणजे खाली काही असलं तर ते पलीकडून निघून जातं. हात सगळ्यात शेवटी. आणि किंचाळायचं नाही — किंचाळलं की किडे घाबरतात, जो किंचाळेल त्याला पुन्हा बागेत आणणार नाही. हाही माझाच नियम. तेव्हा मला तो फार शहाणपणाचा वाटायचा.

हे तर सगळ्यांना ठाऊक आहे, काय घडलं ते. छापूनही आलं होतं — माळ्याच्या प्रसंगावधानानं चिमुरडी वाचली. शाळेनं सन्मानाची पाटी दिली, लाकडी, तिथं आत भिंतीकडे तोंड करून ठेवलीय. नाही, नका जाऊ बघायला. बसा.

त्या दिवशी वरच्या कचेरीतली माणसं यायची होती. मागचा कोपरा ठेवायचा की सपाट करून गाड्या लावायला घ्यायचा, ते ठरवायला. तिघं आले, एकाच्या गळ्यात कॅमेरा. मुलं बावीस. मुलांनी काठ्या उचलल्या, तेव्हा तो कॅमेऱ्यावाला म्हणाला की काठ्यांनी मजा येत नाही, मुलांचे हात मातीत दिसू देत. आणि मी — बाई, मी म्हटलं, ठीक आहे, ठेवा काठ्या. ठोकलं नाही. मी स्वतःही ठोकलं नाही, कारण ते बघत होते, आणि मला ते सगळं झटक्यात, जादूसारखं करून दाखवायचं होतं. मोठा ओंडका होता, डबक्याजवळचा. मुलांनी सगळ्या बाजूंनी हात घातले आणि उलटला.

शेपूट होतं ते. एवढंच — वीतभर. काळं-पांढरं, काळं-पांढरं, पट्टे टोकापर्यंत कातरून काढल्यासारखे. हातांच्या मधून गेलं, पानांखाली शिरलं, संपलं. डोळ्याचं पातं लवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात. मुलं गोमेकडे बघत होती, साहेब मुलांकडे बघत होते. मी स्वतःला सांगितलं, कवड्या साप असेल. कवड्यालाही तसेच पट्टे असतात, बिनविषारी बिचारा, लोक उगाच ठेचतात त्याला — मीच मुलांना शिकवलं होतं, कवड्याचे पट्टे शेपटीकडे विरत जातात, मण्यारीचे विरत नाहीत. आणि मी मघाशी काय म्हटलं तुम्हाला? टोकापर्यंत. बघा, तुमच्याही लक्षात आलं. हे मी आजवर कुणाला असं सांगितलं नव्हतं.

मण्यार चावलेली दुखत नाही बाई. हीच तिची वाईट खोड. इंगळी डसली तर मूल घर डोक्यावर घेईल. मण्यार चावली तर काटा लागल्यासारखं वाटतं, कधी तेवढंही नाही, आणि मग दोन-तीन तासांनी पापण्या मिटायला लागतात.

ओरडायला हवं होतं मी. सगळ्यांना मागे ओढायला हवं होतं, एकेकाला तपासून बघायला हवं होतं. पण ओरडलो असतो तर कोपरा गेला असता ना — साप निघाला मुलांच्या हाताखाली, कोण ठेवेल? म्हणून मी हसलो. हसलो मी, आणि म्हटलं, चला, आता बघू कुणाचे हात सगळ्यात घाणेरडे. नळापाशी रांग लावली. चव्वेचाळीस हात बाई. एकेक हात हातात घेऊन मी पाण्याखाली धरला, उलटा केला, सुलटा केला, बोटांच्या बेचक्या बघितल्या. तिसरीतली मुलं — खरचटलेलं, टोचलेलं, शाईचे ठिपके, डासांचे फोड. कुठलं काय म्हणून ओळखायचं? माझी मान गार पडली होती, पाठीवरून घाम चालला होता आणि तोंडानं मी म्हणत होतो, शाब्बास, पहिला नंबर तुझा. विचारलं, कुणाला काही टोचलं का रे? कुणीच बोललं नाही.

साहेब खूश झाले. चहा झाला, फोटो झाले. मी फोटोत आहे. आणि मग मी वर्गाच्या खिडकीबाहेर खराटा घेऊन उभा राहिलो. झाडायला तिथं काही नव्हतं. नुसता डोळे मोजत होतो, बावीस जोड्या. मूल जांभई द्यायचं तर मी खिडकीशी सरकून त्याच्या पापण्या बघायचो. साडेदहा झाले, अकरा झाले. नवसही बोललो — देवळात आयुष्यात कधी गेलो नाही तो मी, भूमिदेवाला म्हटलं, कवड्या असू दे. किती वेळा पाऊल उचललं आत जायला. आत जाऊन काय सांगणार होतो? की तासाभरापूर्वी पाहिलं आणि आता सांगतोय? जेवढा वेळ जात होता ना, तेवढं सांगणं अवघड होत होतं. भीती दोन होत्या बाई, आणि लाज वाटते, पण कुठली मोठी होती ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

जेवणाची वेळ झाली. पिन-रू आणि आणखी एक मुलगी सूपची बादली आणायला निघाल्या. पिन-रू — तुम्ही ओळखता तिला, आता सहावीत आहे, लांब वेणीची, पलीकडे पाणबांबूची शेती करणाऱ्या तँगची मुलगी. ती दारात थांबली आणि मान मागे टाकून बघायला लागली. पापण्या उचलत नव्हत्या ना, म्हणून मान उचलत होती. बादली हातातून सुटली. मी खराटा टाकला, तिला उचललं आणि धावलो. ती काहीतरी बोलत होती, जीभ जड झाली होती, शब्द कळत नव्हते. मुख्याध्यापकांनी गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरनी विचारलं, काय चावलं, खात्री आहे का, केव्हा? मी म्हटलं मण्यार, खात्री आहे, दहा वाजता. तेवढं खरं बोललो. तेवढ्यावर त्यांनी औषध चालू केलं. पुढचे चार दिवस ती यंत्रानं श्वास घेत होती. मी बाहेर बसून काचेतून तिची छाती वर-खाली होताना बघायचो, आणि खाली गेली की वर येईपर्यंत माझाही श्वास थांबायचा.

वाचली. आणि कुणीच विचारलं नाही बाई, दहाची वेळ मला कशी ठाऊक. सगळे धरून चालले की पोरीनं वाटेत सांगितलं असणार. तँगनं माझे पाय धरले. हे पाणबांबूचे कोंब बघता ना, मी सोलतोय ते — दर हंगामाला तो पोतं आणून टाकतो दारात. नको म्हणता येत नाही, आणि शिजवले की घशाखाली उतरत नाहीत. शेजाऱ्यांना वाटतो.

कोपरा राहिला. किडे मांडून ठेवायला काचेच्या डब्यांची कपाटं आली, पाटी आली. मी नोकरी सोडली. आता रस्त्यानं मुलं चालली की मला त्यांचे चेहरे दिसत नाहीत, हात दिसतात. कुणी गवतात हात घातला की मी इथं बसल्या बसल्या गारठतो. तुम्ही मघाशी त्या कुंडीमागे पिशवी ठेवलीत ना, तेव्हासुद्धा.

सांगितलं असतं का मी तुम्हाला हे सगळं? नसतं. पण मागच्या महिन्यात पिन-रू आली होती. एकटीच, कोंबांचं पोतं सायकलवर घेऊन, बापाला वेळ नव्हता. तिथंच उभी राहिली. इकडचं तिकडचं बोलली, आणि मग म्हणाली, "आजोबा, तुम्ही पण पाहिला होता ना तो?" म्हणाली, चावल्याबरोबर तिनं आधी माझ्याकडेच बघितलं होतं. मी शेपटीकडे बघत होतो, तेही तिनं बघितलं. "तुम्ही काही बोलला नाहीत," म्हणाली, "मग मला वाटलं, घाबरण्यासारखा नसणार. म्हणून मी पण बोलले नाही." रागानं नाही हो. समजावून सांगतात तसं. जणू मीच ते इतकी वर्षं विचारत होतो.

तिनं घरी सांगितलेलं नाही. का नाही, ते मी विचारलं नाही. माझं धाडस झालं नाही.

नका, काही बोलू नका. मुलांना सांगा लो आजोबांना जमत नाही. मुख्याध्यापकांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, मी अडवणार नाही. ती पिशवी घ्या — थांबा, हात घालू नका, मी काढून देतो. हं. जा आता. उठा बाई, जा.