वरची कडी

वहिनी : हलू नकोस, टाचणी लागेल. स्टुलावर नीट उभी राहा.

चिमी : वहिनी, एवढा लांब कशाला? पायांत अडकेल की.

वहिनी : पाण्यात उतरलं की घेर वर येतो, छत्रीसारखा. म्हणून तर खालच्या दुमडीत शिशाचे तुकडे घालते. ते बघ, वाटीत काढून ठेवलेत. आपल्या चर्चमधले बाप्तिस्म्याचे सगळे झगे माझ्या हातचे. आजवर एकाचाही घेर वर आला नाही.

चिमी : जड होईल मग.

वहिनी : तुझ्यापुढं त्यांचं काय वजन? जुन्या मापानं कापून बसले, आता कमरेत शिवण सोडावी लागणार.

चिमी : बोल, बोल. नणंद तावडीत सापडलीय.

वहिनी : हात वर कर. तुझ्या दादाला किती आनंद झालाय म्हणून सांगू. सकाळपासून बाप्तिस्म्याचा हौद घासतायत. एवढी वर्षं राखण करतायत चर्चची, पण इतका घासलेला मी बघितला नाही. आता नळ सोडून जेवायला येतील. सासूबाई गेल्या तेव्हापासून तू चर्चची पायरी चढली नव्हतीस. मला तर वाटलं होतं, ही काही आता येत नाही.

चिमी : वहिनी, चर्चच्या पाळकबाईंनी मला काल परत पाठवलं.

वहिनी : परत? उद्या बाप्तिस्मा आणि काल परत?

चिमी : मी त्यांना एक गोष्ट सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, देवाला सांगितलंस, मला सांगितलंस, चांगलं केलंस. पण पश्चात्ताप म्हणजे नुसतं रडणं नाही, माघारी फिरणं. ज्या वाटेनं गेलीस त्याच वाटेनं परत जा. जिच्यावर ढकललंस तिला सांगून ये, पाणी काही पळून जात नाही.

वहिनी : कुणावर ढकललंस?

चिमी : तुझ्यावर.

वहिनी : खाली उतर. स्टूल डुगडुगतंय.

चिमी : नको, उभ्यानंच सांगते. बसले तर सांगणार नाही. आई गेली त्या आठवड्यात मी इथंच होते. त्या सकाळी तू शिवलेले कपडे पोचवायला लवकर निघालीस.

वहिनी : माहीत आहे मला.

चिमी : आईला तेव्हा भान नसायचं, दार उघडं दिसलं की रस्त्यावर जायची; पण तिचा हात वरच्या कडीला पोचायचा नाही. म्हणून कोणी बाहेर पडलं की आतल्या माणसानं उठून ती लावायची.

वहिनी : आणि मी तुला उठवलं नाही. तसंच निघून गेले. माझ्या हातून राहिलं. आज कशाला काढतेस ते?

चिमी : तू उठवलं होतंस. माझ्या खांद्याला हात लावलास आणि म्हणालीस, चिमे, कडी लाव गं, वरची. मी 'हो' म्हणाले आणि कूस बदलली.

(वहिनी हातातली टाचणी खाली ठेवते.)

चिमी : जागी झाले तर दार सताड उघडं. पुढचं तुला माहीत आहे. आई बसस्टॉपच्या बाकावर मिळाली, अंगावर पातळ गाऊन, पाय उघडे. त्या थंडीनं छाती भरली. दवाखान्याच्या जिन्यात दादानं विचारलं, दार उघडं कसं राहिलं? मी म्हटलं, वहिनीनं मला उठवलंच नाही. तोंडातून निघून गेलं. मग रोज वाटायचं, उद्या सांगू. आई गेली, आणि मग सांगण्यासारखं राहिलंच नाही.

वहिनी : मी हाक मारली होती.

चिमी : हो.

वहिनी : पहिले काही दिवस मी हेच म्हणत होते. मग तू इतकी रडायचीस की मला वाटायला लागलं, हाक मनातल्या मनात मारली असेल. घाईत होतेच. चिमी, अकरा वर्षं मी ती हाक आठवतेय. कपडे बेततानासुद्धा. कधी आवाज ऐकू येतो, कधी नाही.

चिमी : वहिनी...

वहिनी : माझा बाप्तिस्मा कशानं झाला माहीत आहे तुला? त्याच अपराधी मनानं. सासूबाई माझ्यामुळं गेल्या, एवढं एकच घेऊन मी त्या हौदात उतरले. पाळकबाईंनी पाण्याखाली धरलं तेव्हा वाटलं, इथंच राहावं.

चिमी : मला माहीत नव्हतं.

वहिनी : तू होतीस कुठं? सणवार चुकवलेस, आजारपणं चुकवलीस. मला वाटायचं, हिला माझं तोंड बघवत नाही. बिचारीची आई गेली माझ्यामुळं. मी तुझी कीव करायची गं.

चिमी : मार मला. नाहीतर शिव्या दे.

वहिनी : झगा काढ आधी. टाचण्या आहेत त्यात.

चिमी : घे. राहू दे, शिवू नकोस. तुझ्या हातचा घालायची लायकी नाही माझी.

वहिनी : लायकीवर शिवायचं ठरवलं तर दुकान बंद करावं लागेल. थोडं थांब. पाणी दे मला.

चिमी : हे घे.

वहिनी : हे मला ओरडले असते तर बरं झालं असतं. एक शब्द बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून मी लावलेल्या कडीवर भरवसा नाही त्यांचा. बाहेर पडतात, मी आतून कडी लावते, तरी जिना उतरायच्या आधी दार ढकलून बघतात. रोज. घरात आता सांभाळायला कोणी उरलं नाही, तरी.

चिमी : म्हणूनच आले मी. तुला सांगून अर्धंच होतं. दादाला पण सांगणार आहे.

वहिनी : आधी जेवू दे त्यांना. दमून येतील.

चिमी : नको. जेवण झालं की म्हणेन, आता वामकुक्षी होऊ दे. अशीच अकरा वर्षं गेली.

(दार वाजतं.)

दादा : कडी काढायला एवढा वेळ? अरे, चिमी आली का. झगा झाला? हौद गुडघ्यापर्यंत भरलाय. पाणी जरा गार आहे, पण तू काय, लहानपणी नळाखालून हलायची नाहीस. काय झालं? दोघी रडताय का?

चिमी : दादा, बस.

दादा : बसतो. हात तर धुऊ दे.

चिमी : आधी बस. त्या सकाळी वहिनीनं मला उठवलं होतं. कडी लाव म्हणाली होती. मी हो म्हणून झोपले. तुला जिन्यात सांगितलं ते खोटं होतं.

दादा : कोणती सकाळ?

चिमी : आईची.

(दादा बसतो.)

वहिनी : अहो, बोला काहीतरी.

दादा : तू मला सांगितलं होतंस. हाक मारली म्हणून.

वहिनी : सांगितलं होतं.

दादा : आणि मी म्हटलं, आता कशाला तो विषय.

वहिनी : हो.

दादा : दर बाप्तिस्म्याला मी हौदाच्या कडेला टॉवेल धरून उभा असतो. आलेल्या माणसाला म्हणतो, झालं, मागचं सगळं धुतलं गेलं. आणि घरातून निघताना बायकोनं लावलेलं दार ढकलून बघतो.

चिमी : दादा, तुझी चूक नाही. मी तुला फसवलं.

दादा : तू एकदा फसवलंस. पुढचं माझं मीच केलं. आई थंडीत किती वेळ बसली असेल गं, चिमे?

चिमी : माहीत नाही. मी झोपले होते.

दादा : मला आत्ता माफ-बिफ काही म्हणता येत नाही. जमलं की म्हणेन.

चिमी : तू म्हणावंस म्हणून आले नाही. उद्याचं मी पाळकबाईंना सांगते, पुढं ढकला म्हणून.

दादा : कशाला? मी थांबवणारा कोण? हौद मी भरतो, पाणी देवाचं आहे. उद्या ये. हात पुढं करायला मला जमेल न जमेल, पण टॉवेल घेऊन उभा असेन.

वहिनी : ताट वाढू?

दादा : नको. नळ सुरू आहे, हौद भरून वाहायचा. आल्यावर जेवतो. तिघंही जेवू.

वहिनी : चप्पल उलटी घालताय.

दादा : हं. मी निघालो. कडी लावून घे.

वहिनी : लावते.

चिमी : वहिनी, एक विचारू? तू जे केलंच नव्हतंस त्याची क्षमा मागत राहिलीस. ती गेली कुठं मग?

वहिनी : मला काय ठाऊक. ज्याची चूक त्याच्यासाठी ठेवून दिली असेल देवानं. चढ स्टुलावर, दुमड राहिलीय अजून.

चिमी : खरंच शिवणार?

वहिनी : गप्प. थांब, जरा ऐक.

चिमी : काय?

वहिनी : काही नाही. जिना उतरले ते.