पावणेदोनचा फोन

वनरक्षक: …नाही हो बाई, अजून नाही. घरटं रिकामं होईस्तोवर कड्याची वाट बंदच.

बाई: आजही उडालं नाही पिल्लू?

वनरक्षक: कपारीच्या तोंडाशी येतं, पंख फडफडवतं आणि माघारी वळतं. ससाण्याचं झालं तरी पिल्लूच ते.

बाई: कालही हेच म्हणालात.

वनरक्षक: कालही त्यानं हेच केलं.

बाई: बरं. हळू बोलते हं काका. आत्ताच बाळाचा डोळा लागलाय. खांद्यावरून खाली ठेवलं की कसं कोण जाणे, कळतं त्याला.

वनरक्षक: तुमच्या बाळावर घड्याळ लावून घ्यावं. मीसुद्धा डबा उघडत नाही तोवर. म्हणतो, पावणेदोनच्या बाईंचा फोन येऊन जाऊ दे.

बाई: पावणेदोनच्या बाई! छान नाव ठेवलंत.

वनरक्षक: मग काय करू? पहिल्या दिवशी विचारलं कोण बोलतंय, तर म्हणालात, "एका बाळाची आई." जसा काही हुद्दाच.

बाई: सध्या तेवढाच आहे. मागचा हुद्दा कपाटात ठेवलाय, इस्त्री करून. कमरेला बसत नाही.

वनरक्षक: बाई, एवढा कड्याचाच हट्ट कशाला? खालची वाट आहे ना, बांबूतली. बारा महिने उघडी.

बाई: ती आजी-आजोबांना फिरवायची! मी बाकीच्या सगळ्या करून बघितल्या काका. फ्रिजवर तुमचा तक्ता चिकटवलाय, कुठली वाट कधी बंद त्याचा. पठार उन्हाळ्यात बंद, वणव्यामुळे. ओढ्याची वाट पावसात बंद, पाणी चढतं म्हणून. खिंड उघडी होती तेव्हा माझ्या पोटात पाण्याचा घोट ठरत नव्हता. पठार उघडलं तेव्हा हे नऊ दिवसांचं. तुमचं जंगल उघडतं तेव्हा मी बंद, आणि मला जरा फट मिळाली की तुमचं फाटक लागलेलं.

वनरक्षक: आणि कड्यावर काय ठेवलंय एवढं?

बाई: काही नाही. लग्नाआधी एकदा एकटी गेले होते. ती लोखंडी शिडी चढून वर बसले, दोन पोळ्या खाल्ल्या, आले. तीन तास कुणी हाक मारली नाही. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं.

वनरक्षक: आणि आता?

बाई: आता दिवसभर कुणीतरी हाक मारतंच असतं, पण बोलत कुणी नाही. हे बोटीवर नोकरीला, चार महिने झाले. फोनवर आवाज येतो तो तुटक तुटक. बाकी मी आणि बाळ. अख्खं वाक्य बोलायला मी पावणेदोनची वाट बघते. हसू नका.

वनरक्षक: हसत नाही. माझ्या जोडीच्या रक्षकाची बदली झाली तेव्हापासून चौकीवर मी आणि हा फोन. तो पण तुम्हीच वाजवता.

बाई: काका, मागे आवाज कसला? गाड्या आल्यात का?

वनरक्षक: ते… सुतार आलेत. फाटक दुरुस्तीला.

बाई: अच्छा.

वनरक्षक: रविवारी बहीण येतेय ना तुमची? बाळाला सांभाळायला?

बाई: एकच तर दिवस देणार होती. सोमवारपासून मी कामावर. म्हणून तर रोज विचारते.

वनरक्षक: हं.

बाई: काय झालं?

वनरक्षक: बाई, रागावू नका. पिल्लू उडालं.

बाई: कधी?

वनरक्षक: गेल्या रविवारी. एकदा गेलं ते परत कपारीत आलंच नाही. मी वहीत लिहिलं, वर कळवलं, सोमवारी वाट उघडली. सगळं नियमानं केलं. फक्त तुम्हाला खोटं सांगितलं. चार दिवस.

बाई: का?

वनरक्षक: आता या वयात काय सांगू? वाट उघडली म्हटल्यावर फोन कशाला केला असता तुम्ही? पण तुमचा रविवार बुडायला नको. या. सकाळी लवकर या, शिडीवर गर्दी नसते.

बाई: मला ठाऊक होतं.

वनरक्षक: काय?

बाई: सोमवारीच वाचलं नेटवर, तुमच्या उद्यानाच्या पानावर. पिल्लू उडालं, वाट खुली. आणि काका, सुतार इतके खिदळत नाहीत हो.

वनरक्षक: ऐकू गेलं होय! कॉलेजची पोरं आहेत. मला विचारतात, संडास कुठे. सांगितलं की चालली पुढे. मग तुम्ही बोलला का नाहीत?

बाई: बहिणीला सुट्टी मिळत नाहीये. मंगळवारी कळलं.

वनरक्षक: म्हणजे रविवारचं…

बाई: बाळ घेऊन शिडी कशी चढू?

वनरक्षक: तरी रोज विचारत होतात.

बाई: तुम्ही "नाही" म्हणायचात ना, बरं वाटायचं. वाटायचं, मी अडकलेली नाही, वाटच बंद आहे.

(पलीकडे बाळाची कुरकुर.)

बाई: त्या पिल्लाची आई काय करते आता?

वनरक्षक: येते दुपारची. रिकाम्या कपारीत जरा बसते. जाते.

बाई: उठलं बघा. ठेवते काका. तुम्ही डबा खा. निवला असेल.

वनरक्षक: तो सकाळीच निवतो. बाई…

बाई: काय?

वनरक्षक: काही नाही. घ्या त्याला आधी.

बाई: उद्या फोन केला तर काय विचारू?

वनरक्षक: खालची वाट उघडी आहे का, ते विचारा.

बाई: ती बंद कधी असते?

वनरक्षक: कधीच नसते. तरी विचारा.