डुकराला गाडी आधी ऐकू येते

…आणि वर मलाच विचारतात, लौस्ट, तुला झालंय काय, इतका कसा बोलायला लागलास? आता काय झालंय ते सांगायलाही बोलावंच लागणार ना? की खुणा करू? बसा तुम्ही, कॉफी ओतून घ्या, आमची मेटा किटली घेऊन फिरतेच आहे, आणि मला मधे थांबवू नका, कारण हे जे बोलणं आहे ना, ते माझं नाही, डुकराचं आहे, आणि डुक्कर आज सकाळपासून बंद झालंय. अंगात जे उरलंसुरलं आहे त्यावर चाललंय सगळं. चार-दोन दिवसांत तेही संपेल. मी तसा सावकाश माणूस.

दुखणं कोणाला कळलंच नाही, ही पहिली गंमत. तुम्हाला सांगतो, दुसऱ्या मुलखात माणूस हळू चालायला लागला, गप्प बसायला लागला, की बायको घाबरते, शेजारी चौकशी करतात. आणि आपल्या या पश्चिम किनाऱ्यावर? इथे म्हणतात, लौस्ट म्हातारपणी शहाणा झाला. सेंट हान्सच्या होळीला, भर जूनमध्ये, मी मेंढीच्या कातड्याचा कोट घालून जाळाला इतका चिकटून बसलो की एक भुवई जळाली, आणि हा इथे बसलेला ईव्हर, माझा शेजारी, काय म्हणाला? म्हणाला, "लौस्टला शेकोटी आवडते." बस. एवढीच चौकशी.

शेवटी मेटाने नेलं डॉक्टर स्कोवबाईंकडे. त्या विचारतात, "लौस्ट, अलीकडे आपण मंद झालोय असं वाटतं का तुम्हाला?" मी विचार करायला लागलो. प्रश्न आहे तर नीट उत्तर द्यावं माणसाने. तर बाई मेटाला हळूच विचारतात, "झोपले का हे?" आणि मेटा म्हणते, "डॉक्टर, लग्नात 'हो' म्हणायला याने इतका वेळ लावला की पाद्रीबाबांनी पुस्तक मिटून चष्मा पुसायला घेतला. याचं मंद झालेलं मला कसं कळणार?"

रक्त काढलं, तपासलं. थायरॉइड. गळ्यात म्हणे फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी असते. माझ्या गळ्यात फुलपाखरू आहे हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं, आणि कळलं तेव्हा ते निजलेलं, पुन्हा न उठणारं. मग गोळी दिली. पांढरी, इवलीशी, कारखान्यात केलेली. सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि कॉफीला वेळाने शिवायचं. कॉफीला थांबायचं… पण थांबलो. गुण आला, खोटं कशाला बोलू? हातपाय गरम झाले, जिना चढताना मधे टेकायचं बंद झालं. फक्त डोक्यात फ्योर्डच्या खाडीवरचं धुकं असतं ना, ते थोडं राहिलं. मला चालत होतं. मी तसा सावकाश माणूस.

पण माझी मुलगी डोर्थे, ती तिकडे आरहूस शहरात राहते आणि दिवसरात्र वाचते. तिचा फोन. "बाबा, तुला अर्धंच औषध मिळतंय. कारखान्यातल्या गोळीत एकच द्रव्य असतं, नैसर्गिक गोळीत दोन्ही असतात." मी म्हटलं, नैसर्गिक म्हणजे काय, झाडपाला? म्हणाली, "नाही बाबा. डुकराच्या थायरॉइडची वाळवून केलेली पूड."

आता सांगा. जन्मभर डुकरं पाळली मी. नाताळात भाजून खाल्ली, रोज सकाळी काळ्या पावावर त्यांचं काळीज वाटून फासलं, त्यांच्याच पैशांवर छप्पर घातलं, डोर्थेला शिकवलं. गळा तेवढा उरला होता, तोही घेऊ? डुक्कर नैसर्गिक, हे मला मान्य आहे. पण डुकराला विचारलं होतं का कोणी? स्कोवबाई म्हणाल्या, "या वयाला ते नको, छातीवर येईल." डोर्थे मला आरहूसच्या दुसऱ्या डॉक्टरकडे घेऊन गेली, त्याने मान हलवत का होईना लिहून दिलं. आणि मी घेतलं. का घेतलं? लेक म्हणाली म्हणून. माणूस सावकाश असला की त्याच्या वतीने दुसरेच ठरवतात.

आणि मग… काय सांगू. धुकं गेलं. एका सकाळी उठलो तर दाराची कडीसुद्धा चकचकीत दिसायला लागली. मी कुंपण रंगवलं. माझं संपलं म्हणून ईव्हरचं रंगवलं. हो, तुझं. विचारलं नव्हतं, ठाऊक आहे. आणि बोलायला लागलो. मेटा बटाटे सोलत होती, मी म्हटलं, "मेटा, पहिल्यांदा तू बोटीवर दिसलीस तेव्हा पिवळा रेनकोट होता तुझ्या अंगात आणि तू समुद्रावर रागावल्यासारखी उभी होतीस, आणि मला वाटलं, हिच्याशेजारी उभं राहिलो तर आयुष्यभर वारा लागणार नाही." तिने सुरी खाली ठेवली. म्हणाली, "ताप आलाय का तुला?" माझ्या कपाळाला हात लावला. मग उरलेले बटाटे सोलले, उकडायला टाकले, आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "ते पिवळ्या रेनकोटचं… परत सांग."

इथवर सगळं बरं होतं. आपल्याकडच्या कौतुकाच्या भाषेत, वाईट नव्हतं.

पण तुमच्यापैकी ज्यांनी डुकरं पाळलीत त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. कत्तलखान्याची गाडी उजाडताना यायची. चर्चच्या वळणाला पोचायच्या आधी, कुत्र्याचे कान उभे राहायच्या आधी, गोठ्यातली डुकरं उठायची. ओरडायची नाहीत. नुसती उभी राहायची, सगळी, दाराकडे तोंड करून. मी बादली घेऊन आत जायचो आणि मला काही ऐकू यायचं नाही. त्यांना यायचं.

तर आता मी उठतो. उजाडताना. उठतो म्हणजे जाग येते तेव्हा मी उभाच असतो, मोज्यांवर, खिडकीशी, रस्त्याकडे तोंड करून. रस्ता रिकामा. आणि छातीत हे… तीन उड्या, मग खड्डा. परत उड्या, परत खड्डा. त्या खड्ड्यात काय असतं माहीत आहे? काहीच नसतं. मेटा गादीवरून विचारते, "काय ऐकतोयस?" मी म्हणतो, काही नाही. "मग उभा का?" जो माणूस आयुष्यभर सावकाश होता, त्याला सगळ्यात आधी ऐकू यायला लागलं, हा काय न्याय झाला?

काल स्कोवबाईंनी छातीला तारा लावल्या. कागद निघाला, त्या बघत राहिल्या. फार वेळ बघत राहिल्या. मी म्हटलं, बाई, झोपलात का? हसल्या नाहीत. म्हणाल्या, "लौस्ट, या गोळीतलं दुसरं द्रव्य झटकन चढतं. तुमच्या हृदयाला ते पळवतंय, आणि हृदय ठोके चुकवतंय. कोणाला मानवत असेल, तुम्हाला नाही. असंच चालू ठेवलंत तर एक दिवस ते पळता पळता थांबेल. परत पांढरीवर या." मेटाने विचारलं, "मग हा परत पहिल्यासारखा होणार? गप्प?" बाई म्हणाल्या, "बहुतेक."

डोर्थे फोनवर रडली. "मीच तुला हे दिलं, बाबा." मी म्हटलं, अगं, तू मला एक उन्हाळा दिलास, कुंपणं बघायला ये. आणि मेटा? घरी आली, बटाटे घेतले, आणि बटाट्यांनाच विचारते, "बोलणारा हवा की जिवंत हवा? दोन्ही एका पाकिटात मिळत नाही का?" बटाटे काय बोलणार. मीही काही बोललो नाही, आणि डुक्कर अंगात असताना गप्प बसणं किती जड जातं, तुम्हाला कल्पना नाही. शेवटी तिनेच डुकराची बाटली उचलून औषधाच्या दुकानात परत द्यायच्या पिशवीत टाकली. म्हणाली, "न बोलणारा मला पाठ आहे. त्याच्याशी निभावलंय मी. तू फक्त जायच्या आधी सगळं बोलून घे." जायच्या आधी म्हणजे गप्प व्हायच्या आधी, असंच म्हणायचं होतं तिला. असंच असणार.

म्हणून तुम्हाला बसवलंय. म्हणून ती कॉफी ओतत फिरतेय आणि माझ्याकडे बघत नाहीये.

आज सकाळीही उभा होतो. या खेपेला ती उठली, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, पायात तिच्याही मोजे. बराच वेळ कान देऊन म्हणाली, "मला तर काही ऐकू येत नाही." मी म्हटलं, तुला नाही येणार, तू ना कारखान्याच्या गोळीवर, ना डुकराच्या.

स्कोवबाई म्हणतात, पांढऱ्या गोळीवर हे उठणं बंद होईल, शांत झोप लागेल. चांगलंच आहे. म्हणजे गाडी येणार नाही असं त्या म्हणाल्या नाहीत हं, मी नीट ऐकलंय… ती मला आधी ऐकू येणार नाही, एवढंच. येऊ दे यायची तेव्हा. फक्त कोणीतरी त्या ड्रायव्हरला सांगून ठेवा, इंजिन बंद कर बाबा, उगाच डिझेल जाळू नकोस. मी तसा सावकाश माणूस.