पुठ्ठ्याआडचं दान

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात, खेळमेळ्याच्या रांगेत डॉरिसचे डोळे घड्याळाकडे होते, पण कान पुढच्या, फाशांवर काल्पनिक लढाया खेळणाऱ्या दोन म्हाताऱ्यांकडे.

"वेंडेल, खेळ तू चालवतोस. वीस बाजूंच्या फाशावर वीसचं दान पडलं की घाव दुप्पट, हा नियम तू खेळवतोस त्या राक्षसांना लावू नकोस."

"तुझं दान पडलं की नाचतोस, ते चालतं?"

"राक्षस एका लढाईपुरते. आमचं पात्र वर्षानुवर्षं मार खातं. कधीतरी वीस पडणारच."

"ऑर्विन, खरं काय ते बोल."

"मर्ना गेली. खेळातलं तिचं पात्र, ती चेटकीण, आता मी खेळतोय. तीही एका घावात गेली तर?"

"गड्या, मार्चपासून त्या चेटकिणीवर राक्षसांचे तीनदा वीस पडले. माझी दानं तुम्हाला दिसू नयेत म्हणून उभा करतो त्या पुठ्ठ्यामागे मी फासा उलटवला."

"बायको माझी होती, वेंडेल. तिला लबाडी खपायची नाही."

"मग?"

"नियम राहू दे. आज तो पुठ्ठा काढ."