तिसऱ्या शिट्टीपर्यंतचं टेक्नो

आम्ही बेंगळुरातलेच, काय सांगू तुम्हाला, आमचे वाडवडील कुठल्याशा लढाईला म्हणून आले आणि हितंच राहिले, घरात मराठी, दारात कन्नड, पुण्याची माणसं आमचं बोलणं ऐकून हसतात, हसू द्या. मी शकुंतला, राजाजीनगरात सगळी शकूअक्का म्हणतात. होसकोट्याला फॅक्टरीत रेडिओचे भाग जोडण्यात जन्म गेला माझा, सोल्डरिंग करायची मी, पाठ वाकली पण हात कधी हलला न्हाई. मग फॅक्टरी बंद झाली आणि मी घरी बसले. बसले म्हणजे काय, स्वयंपाक.

मग माडीवर भाड्यानं रेवती आली, पुण्याची, कंप्युटरची नोकरी सोडून ती टेक्नोचं लेबल चालवते. लेबल म्हणजे आपली गाणी आपणच काढायची, मोठ्या कंपनीच्या दारात जायचं न्हाई, नवी झाली की इंटरनेटावर सोडायची, कधी तबकडीपण निघते. टेक्नोला शब्द न्हाई, गाणारं कोणी न्हाई, यंत्रातनं नुसतं धम धम धम. आमच्या यांना तर पहिल्यांदा वाटलं वर कोणी चटणी वाटतंय, रुब्बूगुंडावर, म्हणजे दगडी रगड्यावर.

एकदा तिचं यंत्र मुकं झालं. मी म्हटलं आण खाली, उघडलं, एक तार सुटलेली, जोडली. चालतंय का बघावं म्हणून पट्टी दाबली, बटण फिरवलं, आणि काय सांगू, जन्मभर असले भाग जोडले, पण ते बोलतात कसे हे कधी ऐकलंच न्हवतं. मी सोडेना. रेवती म्हणाली, अक्का, राहू दे तुमच्याकडंच.

तर रोज कुकर चढवायचा आणि यंत्राशी बसायचं, तिसरी शिट्टी झाली की उठायचं. उठल्यावर फोडणी, यांना गरम वाढणं, भांडी, परत बसावं तर डोक्यातलं पळून गेलेलं. शिट्टीपर्यंत जेवढं वाजवलं तेवढंच रेवतीनं रेकॉर्ड करून घेतलं आणि लेबलावर काढलं, माझ्या नावानं. बाकीचे म्हणे खोटी नावं घेतात, मी म्हटलं मला न्हाई जमायचं, मी शकूअक्काच.

लोकांना आवडलं! रेवती धावत खाली आली, फोनवरनं वाचून दाखवायला लागली, जर्मनीतनं कोणी लिहिलंय, ऐन रंगात आल्यावर तोडते ही बाई, केवढं धाडस. हे तिथंच पेपर वाचत होते. मला राग आला, खरंच सांगते. मी म्हटलं, अगं धाडस कसलं, ते पुढं होतं, माझ्या डोक्यात पुरं होतं, कुकरनं तोडलं ते. आणि रडूच आलं मला, एवढी वाहवा होत असताना.

आमचे हे म्हणजे बँकेतनं रिटायर झालेला माणूस, चहासुद्धा हातात लागतो. दुसऱ्या दिवशी शिट्टी झाली, मी उठायला गेले, तर म्हणाले, बस तू, गॅस मी बंद करतो. त्या पहिल्याच दिवशी फोडणी देताना डाळ करपवली, वास पार रस्त्यापर्यंत, शेजारची अक्का विचारायला आली. माझा जीव खालीवर होत होता, पण मी उठले न्हाई बघा. स्वल्प करपलेलंच जेवलो दोघं.

आता गेल्या शुक्रवारी नवीन निघालं. तबकडीची अख्खी एक बाजू माझी. रेवती म्हणाली, अक्का, फार लांबलंय, लोक कंटाळतील. मी म्हटलं कंटाळू देत, हे जिथं संपतं तिथं मी संपवलंय. सरी, म्हणाली ती, आमच्या कन्नडातलं बरं, आणि तसंच काढलं.

बसा, जेवूनच जा. आमटी यांनी केलीय, मीठ कमी असलं तरी तोंडावर बोलू नका, छान झाली म्हणा. देव तुमचं भलं करो, आणि तुमच्या घरातसुद्धा कोणी न सांगता उठून गॅस बंद करणारं असू दे.